कोबी कॉलेजला गेला नव्हता, मग आमचा मुलगा का जाईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सी इथल्या एका ताईंचा मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत, उंची सहा फूट सात इंच. एका खाजगी बास्केटबॉल लीगकडून त्याला पगारी ऑफर आली आहे: घर सोडून तिकडे राहायला जायचं, शाळा ऑनलाइन उरकायची, कॉलेजचा विषय संपला. वडिलांचा ठाम नकार आहे. मुलगा विख्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं नाव घेऊन एकच वाक्य ऐकवतो, "कोबी कुठे गेला होता कॉलेजला?" ताईंना जाणून घ्यायचंय की आज कॉलेज वगळून थेट व्यावसायिक होण्यात शहाणपण आहे का.

ताई, मी इथे शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि त्यांच्या घरच्यांना कॉलेजच्या संघात खेळायच्या पात्रतेच्या कागदपत्रांत मदत करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: आत्ता सही करू नका. "आधी शिक्षण, मग खेळ" या आपल्या घराघरातल्या कारणासाठी मी हे म्हणत नाहीये. शिक्षण घटकाभर बाजूला ठेवलं आणि नुसता खेळ आणि पैसा धरला, तरी ही सही आज तोट्याची आहे. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी इतकं ठामपणे बोललो नसतो.

आधी कोबीचं बघू, कारण मुलाचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. कोबी ब्रायंट 1996 साली शाळेतून थेट एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघ दोन फेऱ्यांत क्रमानं नवे खेळाडू निवडतात ती निवड) उतरला, तेराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि लगेच लॉस एंजलिसच्या लेकर्स संघाकडे गेला. तेव्हा तो इतका लहान होता की करारावर आईवडिलांनाही सह्या कराव्या लागल्या. वडील स्वतः एनबीएत आणि नंतर इटलीत खेळलेले, म्हणजे व्यावसायिक ड्रेसिंग रूम त्या मुलानं पाळण्यापासून पाहिलेली. एवढं असूनही पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे पंधरा-सोळा मिनिटं मिळाली आणि गुणांची सरासरी आठच्या आत राहिली. त्याच ड्राफ्टमध्ये सतराव्या क्रमांकावर गेलेला जर्मेन ओ'नील पोर्टलंडच्या बाकावर चार वर्षं बसून होता. इंडियानात गेल्यावर त्याचं नशीब उघडलं.

आणि मुळात तो दरवाजाच आता बंद आहे. 2005 साली एनबीए आणि खेळाडू संघटनेत जो करार झाला, त्यानुसार अमेरिकन खेळाडू ज्या वर्षी ड्राफ्टला उतरेल त्या वर्षात त्याला एकोणीस पूर्ण व्हायला हवीत आणि त्याच्या शाळेची तुकडी बाहेर पडून एक वर्ष झालेलं हवं. 2006 च्या ड्राफ्टपासून हे लागू झालं. नियम उठणार अशी चर्चा अधूनमधून होते, पण 2023 च्या नव्या करारातही तो तसाच राहिला. म्हणजे तुमच्यासमोर "कॉलेज की एनबीए" असा पर्यायच नाही. बारावीनंतरचं ते एक वर्ष कुठे आणि कोणाच्या पैशानं काढायचं, एवढाच प्रश्न आहे. हे मुलाला शांतपणे समजावा. बऱ्याच मुलांना ते खरोखर माहीत नसतं.

हा नियम मुलांच्या भल्यासाठी आला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याआधीचा इतिहास उलटा आहे. एकेकाळी शाळा संपल्यावर चार वर्षं होईपर्यंत एनबीए कोणाला घेतच नसे. स्पेन्सर हेवुडनं त्याला कोर्टात आव्हान दिलं आणि 1971 साली सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूनं निकाल लागला. 1974 साली मोझेस मलोन शाळेतून थेट तेव्हाच्या प्रतिस्पर्धी एबीए लीगमध्ये गेला. पुढच्या वर्षी डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलबी शाळेतून एनबीएत आले. मग तब्बल वीस वर्षं कोणी ती वाट धरली नाही. 1995 साली केविन गार्नेट पाचव्या क्रमांकावर गेला आणि बांध फुटला. पुढच्या दहा वर्षांत चाळीसच्या आसपास शाळकरी मुलं निवडली गेली. गार्नेट, कोबी, मग्रेडी, लेब्रॉन, ड्वाइट हॉवर्ड ही नावं तुमच्या मुलाला पाठ असतील. कोर्लिओन यंग हे नाव त्याला विचारून बघा. 1998 साली चाळिसावा निवडला गेला, डेट्रॉइटसाठी तीन सामने खेळला, एनबीए कारकीर्द तिथेच संपली. 1996 चा ताज मक्डेव्हिड किंवा 2002 चा लेनी कुक विचारा. दोघांनी नाव दिलं आणि दोघांना कोणीच निवडलं नाही. त्या काळच्या नियमांमुळे कॉलेजात खेळणंही अवघड झालं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

यातून संघांचे मालक पोळले. 2001 साली वॉशिंग्टननं क्वामी ब्राउनला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच्याकडून जे अपेक्षित होतं ते कधीच मिळालं नाही. खरं तर तो पोरगा बारा हंगाम लीगमध्ये टिकला, ही काही लहान गोष्ट नव्हे, पण पहिल्या क्रमांकाचं ओझं वेगळंच. अठरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या जिममध्ये, त्याच्याहून वीतभर बुटक्या मुलांविरुद्ध खेळताना बघून कोट्यवधी डॉलर लावणं मालकांना परवडेना. एक वर्ष दुसऱ्या कोणी त्याची परीक्षा घ्यावी आणि जमलं तर त्याला टीव्हीवर प्रसिद्धही करून द्यावं, ते काम कॉलेजांनी फुकटात केलं. नियम त्यासाठी होता.

ते वर्ष फुकट का घालवायचं, असं काही हुशार मुलांना वाटलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. कॉलेजं तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे छदाम देत नव्हती, प्रशिक्षक मात्र लाखो डॉलर कमवत होते. ब्रँडन जेनिंग्स 2008 साली रोमला गेला. तिथे बाकावरच जास्त बसला, तरी पुढच्या वर्षी दहावा निवडला गेला. इमॅन्युएल मुडिये 2014 साली चीनमध्ये ग्वांगडाँगकडून सुमारे बारा लाख डॉलरवर खेळला, दुखापतीमुळे मोजकेच सामने, तरी ड्राफ्टमध्ये सातवा. 2019 साली लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात आणि आर. जे. हॅम्पटन न्यूझीलंडमध्ये गेला. लामेलो तिसरा निवडला गेला. हॅम्पटन शाळेत असताना देशातल्या पहिल्या काही मुलांत गणला जायचा, तो चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. हे बघूनच 2020 साली एनबीएनं आपल्याच जी लीग या दुय्यम लीगमध्ये "इग्नाइट" नावाचा संघ काढला: शाळेतून निघालेली निवडक मुलं, सोबत काही अनुभवी खेळाडू, पगार चांगला. अटलांटात 2021 साली "ओव्हरटाइम एलिट" सुरू झालं, वर्षाला किमान एक लाख डॉलर पगाराची घोषणा करून. तिथून आमेन आणि ऑसार थॉम्पसन हे जुळे भाऊ 2023 साली चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले.

इग्नाइटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुमच्या निर्णयाला सर्वांत जवळचा पुरावा तोच आहे. जेलन ग्रीन दुसरा, स्कूट हेंडरसन तिसरा, रॉन हॉलंड पाचवा निवडला गेला. जाहिरातीत हीच नावं. पण ही तीन मुलं कुठूनही आली असती तरी वरच गेली असती. खरी परीक्षा त्यांच्या खालच्या मुलांची. जेडन हार्डी शाळेतून निघताना देशातल्या सर्वोत्तम दोन-तीन मुलांत धरला जायचा, इग्नाइटच्या एका हंगामानंतर तो सदतिसावा निवडला गेला. डेशन निक्सची गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. त्यानं यूसीएलए या कॉलेजला होकार दिला होता. तो मोडून 2020 साली इग्नाइटला गेला. त्याच हंगामात यूसीएलएचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या क्षणी शिरला आणि थेट अंतिम चारात पोहोचला, सगळा देश बघत होता. निक्सचा हंगाम ऑर्लँडोत, कोविडमुळे प्रेक्षकांविना पार पडला होता. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. पुढे तो ह्यूस्टनमार्गे एनबीएत पोहोचला, पण मागच्या दारानं, हमीच्या पैशाविना.

ज्या मुलाबद्दल स्काउटना (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना) आधीच शंका आहेत, त्याच्या शंका मोठ्या माणसांच्या लीगमध्ये फिटत नाहीत, वाढतात. असं का होतं ते मैदानात दिसतं. जी लीगचा सामना बघायला कधी संधी मिळाली तर चेंडूकडे बघू नका, बचाव करणाऱ्या उंच मुलाकडे बघा. समोर सत्तावीस वर्षांचा गार्ड (चेंडू चालवणारा खेळाडू) असतो, युरोपात दोन वर्षं खेळून आलेला. पिक अँड रोल होतो, म्हणजे गार्डचा साथीदार बचाव करणाऱ्याची वाट अडवून रिंगकडे पळतो. मुलगा रिंगजवळ मागे सरकतो, शाळेत तेवढंच पुरायचं. गार्डला कळतं की हा एक पाऊल जास्त मागे उभा आहे. दोन ड्रिबल, एक फ्लोटर (उंच हातांवरून हळूच टाकलेला चेंडू), दोन गुण. पुढच्या वेळी मुलगा पुढे येतो, तेव्हा चेंडू त्याच्या डोक्यावरून रिंगकडे आणि तिथे कोणीतरी डंक करायला तयार. हे सामन्यात आठ-दहा वेळा होतं आणि सगळं स्काउटच्या वहीत उतरतं. तोच मुलगा कॉलेजात असता तर आठवड्याला दोन सामने आणि बाकी दिवस सराव, तेच पाऊल त्याच्याकडून शंभर वेळा करून घेतलं असतं. समोर बहुतेक वेळा त्याच्याच वयाची नाहीतर दोन-चार वर्षांनी मोठी मुलं असती. 2023-24 च्या नियमित हंगामात इग्नाइटनं 34 सामन्यांत फक्त 2 जिंकले. हॉलंड आणि मातास बुझेलिस त्याच संघात होते, दोघेही गुणी. पण रोज हरण्यातून जे शिकायला मिळतं, त्याला मर्यादा असते.

तो हंगाम संपता संपता एनबीएनं इग्नाइट बंद केलं. पैसा संपला म्हणून नव्हे, गरज संपली म्हणून. आणि इथूनच उलटी गंगा वाहायला लागली.

2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएविरुद्ध 9-0 असा निकाल दिला आणि 1 जुलैपासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घ्यायला मोकळीक मिळाली. इथे सगळे त्याला एनआयएल म्हणतात. 2025 च्या जूनमध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. तिच्यामुळे कॉलेजं आता थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल खातो, तरी बास्केटबॉलच्या नामांकित कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या गुणी मुलाला जे मिळतं, त्यापुढे इग्नाइटचा पगारही फिका पडेल. कूपर फ्लॅग ड्यूकमध्ये एक वर्ष खेळला, भरपूर कमावलं आणि 2025 साली पहिला निवडला गेला. कॉलेज संपण्याआधीच ड्राफ्टसाठी नाव देणाऱ्यांची संख्या 2021 साली साडेतीनशेच्या वर होती, ती 2025 साली शंभराच्या आसपास आली. दुसऱ्या फेरीच्या आशेवर जाण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष काढणं जास्त फायद्याचं, हा साधा हिशोब त्यामागे आहे. युरोपातली मुलंसुद्धा इकडे यायला लागलीत. येगोर देमिन माद्रिदच्या क्लबातून ब्रिगम यंग विद्यापीठात आला आणि वर्षभरात आठवा निवडला गेला. कळस म्हणजे इग्नाइटमधून पगार घेतलेले थिएरी डार्लान आणि लंडन जॉन्सन 2025 साली सांता क्लारा आणि लुईव्हिल या कॉलेजांकडे वळले.

आता तुमचा मुलगा म्हणेल, "बघ, ते परत येऊ शकले, मग मीही येईन." त्याला सांगा, ही सवलत प्रत्येकाचा कागद वेगळा तपासून दिली जाते आणि बाहेर घालवलेले हंगाम पात्रतेतून वजा होऊ शकतात. पूर्ण चार वर्षं मिळतीलच असं नाही. नियम दर सहा महिन्यांनी हलतोय. उद्या तो कोणत्या बाजूला हलेल यावर मुलाचं भविष्य लावणं मला पटत नाही.

कॉलेजचं चित्र सगळं गुलाबी आहे असंही नाही. कॉलेज बदलण्यावरचे निर्बंध 2024 पासून जवळपास उठले, त्यामुळे प्रशिक्षकांना बावीस-तेवीस वर्षांची, दुसरीकडे सिद्ध झालेली मुलं सहज मिळतात. शाळेतून येणाऱ्या मधल्या दर्जाच्या मुलाला आज जागा कमी आहेत. देशात डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातली साडेतीनशेहून अधिक कॉलेजं असली तरी फोन पूर्वीइतके वाजत नाहीत. फोन वाजत नाही तेव्हाच या खाजगी लीगवाल्यांचा फोन येतो, आणि तो गोड वाटतो. तुमच्या घरी नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर त्याला उपाय वेगळा आहे: बारावीनंतर एक वर्ष चांगल्या निवासी शाळेत पोस्ट-ग्रॅज्युएट म्हणून (म्हणजे शाळेचंच एक जादा वर्ष) घालवायचं किंवा सुरुवात लहान कॉलेजातून करायची. पात्रता विकून टाकायची गरज नाही.

मागे अशाच एका घरी करार वाचायला बसलो होतो. वडिलांनी पगाराच्या आकड्याभोवती पिवळा मार्कर फिरवून ठेवला होता. मी त्यांना करार संपवण्याच्या कलमावर आणलं. "व्यावसायिक कारणास्तव" तीस दिवसांच्या सूचनेवर लीगला करार संपवता येत होता. मुलाला मात्र मधेच सोडता येत नव्हतं. त्याच्या पुढच्या पानावर त्याचं नाव आणि चित्रफिती करार संपल्यानंतरही वापरायचा हक्क लीगकडे. पुढे "कॉलेजची फी आम्ही भरू" असं ठळक अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात, फक्त पूर्ण मुदत भरली तर आणि ठरावीक रकमेपर्यंतच. दुखापत झाली तर उपचार कोण करणार, याबद्दल एक ओळ, तीही संदिग्ध. ऑफर लबाडीची नव्हती. पण सगळी जोखीम सतरा वर्षांच्या मुलावर होती, हे त्या पिवळ्या आकड्यामुळे दिसत नव्हतं. तुमच्याकडचा कागदही याच क्रमानं वाचा: आधी शेवट, मग दुखापत, मग हक्क, पगार सगळ्यात शेवटी.

आपोआप हमीचा पैसा एनबीएतही पहिल्या फेरीतल्या तीस जणांनाच. त्यांची पहिली दोन वर्षं पक्की असतात आणि तिसाव्या मुलालाही वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त मिळतात. दुसऱ्या फेरीत अशी कुठलीही हमी नाही. त्याखाली जी लीगचा साधा करार म्हणजे हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. न्यू जर्सीत त्यात भाडंसुद्धा जेमतेम निघतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सतनाम सिंग भामरा. पंजाबातल्या खेड्यातून वयाच्या चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत आला, सात फूट दोन इंच. कॉलेजला न जाता 2015 साली ड्राफ्टमध्ये उतरला आणि डॅलसनं बावन्नावा निवडला. भारतात जन्मलेला पहिला निवडलेला खेळाडू, आपल्या सगळ्यांच्या छात्या फुगल्या होत्या. पण बावन्नावा म्हणजे हमी नाही. तो डॅलसच्या जी लीग संघात खेळला, एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि आज तो कुस्तीच्या रिंगणात दिसतो. त्याची मेहनत मी कमी लेखत नाही. त्याला आणखी दोन-तीन वर्षं कोणीतरी घडवायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. प्रिन्सपाल सिंग दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीतून इग्नाइटच्या अगदी पहिल्या तुकडीत गेला होता, त्याचीही गाडी ड्राफ्टपर्यंत पोहोचली नाही.

तुमचा मुलगा इथे जन्मला असेल तर एक अडचण वाचली. भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांना एनआयएलचे पैसे घेताना व्हिसाच्या अटी आडव्या येतात, त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून वाचणाऱ्यांनी माझं वरचं गणित जसंच्या तसं लावू नये.

"सही करा" असं मी कधी म्हणेन? मुलगा त्याच्या वयोगटात देशातल्या पहिल्या दहात असेल, एनबीएचे स्काउट शाळेच्या सामन्यांना येत असतील, आणि करारात दोन वर्षांचा पूर्ण पगार दुखापतीसह हमीचा असेल, तर विचार करण्याजोगं आहे. किंवा घरात खरोखर चूल पेटायची पंचाईत असेल. अशा घरांना मी कॉलेजचं कौतुक सांगायला जात नाही. तुमच्या पत्रावरून यातलं काही दिसत नाही.

या आठवड्यात करायचं काम वेगळंच आहे आणि ते तातडीचं आहे. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर त्याचं नाव नोंदवा. डिव्हिजन वनसाठी शाळेतले 16 मान्यताप्राप्त विषय आणि त्यांत चारपैकी किमान 2.3 सरासरी ग्रेड लागतो. त्यांतले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांपैकी 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या दहांचे ग्रेड गोठतात, मग सुधारता येत नाहीत. मुलगा अकरावीत आहे, म्हणजे तुमच्याकडे हा हंगाम आणि येणारी उन्हाळी सुट्टी आहे. ऑनलाइन शाळेत नाव घालण्याआधी ती शाळा आणि तिचे विषय एनसीएए मानते का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर तपासा. लीगचा माणूस तोंडी "हो हो, चालतं" म्हणेल, त्यावर जाऊ नका. आणि पैशाचाच प्रश्न असेल तर न्यू जर्सीत शाळकरी खेळाडूलाही पात्रता न गमावता एनआयएलचे पैसे घेता येतात, शाळेचं नाव आणि गणवेश न वापरता. शाळेच्या खेळ विभागप्रमुखाला भेटून अटी लिहून घ्या.

त्याच्या बाबांनाही एक सांगा. "इंजिनिअरिंग कर" असं म्हणून हा वाद जिंकता येणार नाही. मुलाला जिथे पोहोचायचंय तिथे जायची जास्त पक्की वाट कुठली, एवढंच त्याच्यासमोर मांडा. लीगला उत्तर द्यायची मुदत किती आहे ते मला कळवा आणि कराराची प्रत वकिलाला दाखवा, खेळाडूंचे करार रोज बघणाऱ्या वकिलाला. घराचे कागद करून देणारा ओळखीचा वकील या कामाला चालणार नाही.